नकाराची जागा

इंग्रजी भाषेचा परिचय आपल्यापैकी बहुतेकांना शालेय व्याकरणातून झाला. त्या व्याकरणात नकारार्थी वाक्याचा एक धडा असे आणि तो दोन-चार ओळींत संपे : साहाय्यक क्रियापदानंतर 'नॉट' घालावे, ते नसेल तर 'डू'चे योग्य रूप आणून त्यानंतर घालावे. एवढ्या भांडवलावर परीक्षा उत्तीर्ण होता येत असे. परंतु पुढे इंग्रजी निबंध, निकालपत्रे, करारनामे आणि अग्रलेख वाचू लागल्यावर ध्यानात येते की इंग्रजीतील नकार नेहमीच क्रियापदापाशी राहत नाही. तो क्रियाविशेषणाला चिकटतो, नामापूर्वी येणाऱ्या अव्ययाला चिकटतो, आणि कधी त्यांच्या पोटात शिरून दिसेनासा होतो. तो कोणाच्या शेजारी बसला आहे यावर वाक्याचा अर्थ ठरतो. लिहिणारा काही स्वच्छ सांगत आहे की काही लपवीत आहे, हेही पुष्कळदा त्यावरूनच कळते.

प्रस्तुत लेखाचा विषय वरकरणी व्याकरणाचा वाटला तरी व्याकरण शिकविणे हा आमचा हेतू नाही. जॉर्ज ऑर्वेल या इंग्रज लेखकाने 'पॉलिटिक्स अँड द इंग्लिश लँग्वेज' या १९४६ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात इंग्रजी गद्यावर जे आरोपपत्र ठेवले, त्यातील एक कलम नकाराविषयी आहे. ते कलम आजही वारंवार सांगितले जाते आणि लेखनाच्या कार्यशाळांतून नियम म्हणून शिकविले जाते. त्याची फेरतपासणी आम्हांस करावयाची आहे. मात्र त्याआधी इंग्रजी नकाराचा स्वभाव थोडा जवळून पाहिला पाहिजे.

प्रथम आपल्या स्वतःच्या सवयीविषयी. मराठी वाक्य क्रियापदाने संपते आणि नकार त्या क्रियापदाला लगटून असतो. ऐकणाऱ्याला 'नाही'साठी शेवटपर्यंत थांबावे लागते. ज्या भाषांच्या शेजारात आपली घराणी पिढ्यान्‌पिढ्या राहिली, त्यांचीही चाल अशीच आहे. बेळगावचे कन्नड 'इल्ल', हैदराबादेतील तेलुगू 'लेदु', बडोद्यातील गुजराती 'नथी', इंदूर-ग्वाल्हेरकडील हिंदी 'नहीं' आणि गोव्याच्या कोंकणीतील 'ना' हे सारे वाक्याच्या अखेरीस, क्रियापदाच्या आसपास वावरतात. त्यामुळे आपला कान वाक्याचा शेवट ऐकण्यास सरावलेला आहे. इंग्रजीची प्रवृत्ती नेमकी उलट. तिला नकार होईल तितक्या लवकर सांगून टाकावयाचा असतो. 'नोबडी एव्हर सेड एनिथिंग' या वाक्यात पहिल्याच शब्दात निकाल लागतो, आणि 'एव्हर' व 'एनिथिंग' त्या निकालाची री ओढतात. आपण तेच 'कोणी कधी काही म्हटले नाही' असे म्हणतो. येथे 'कोणी', 'कधी' आणि 'काही' तिष्ठत उभे असतात आणि निकाल शेवटी येतो. नकार दोन्हीकडे एकच आहे. केवळ तो वाक्याच्या दोन टोकांना बसला आहे.

इंग्रजीत हे एकपण सनातन नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. चौदाव्या शतकातील चॉसरने आपल्या सरदाराच्या सौजन्याचे वर्णन करताना एका वाक्यात चार नकार रचले आहेत, आणि ते चारही मिळून एकच नकार बळकट करतात. दोन नकार परस्परांना खोडतात हा दंडक पुढे अठराव्या शतकातील व्याकरणकारांनी रूढ केला. १७६२ साली प्रथम प्रसिद्ध झालेले बिशप रॉबर्ट लौथ यांचे व्याकरण त्या परंपरेतले सर्वांत प्रभावी. डॅनिश भाषाशास्त्रज्ञ ऑटो येस्पर्सन यांनी १९१७ साली नकारावर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. त्यांनी दाखविले की मूळचा 'ने' हा क्रियापदापूर्वीचा शब्द झिजत गेला, त्याला आधार म्हणून 'नॉट' आला, मग 'ने' गळून पडला, पुढे 'डू'ची मदत घ्यावी लागली, आणि आता खुद्द 'नॉट'ही झिजून 'डोन्ट'मध्ये विरघळला आहे. झिजणे आणि पुन्हा आधार शोधणे हा या शब्दाचा हजार वर्षांचा इतिहास आहे. त्याने इतरांच्या शेजारी जाऊन बसावे यात म्हणून काही नवल नाही.

आता क्रियाविशेषणे पाहू. 'आय रियली डोन्ट लाइक इट' आणि 'आय डोन्ट रियली लाइक इट' या दोन वाक्यांत शब्द तेच आहेत, केवळ 'रियली' नकाराच्या अलीकडे की पलीकडे एवढाच फरक. पहिल्याचा अर्थ 'मला ते खरोखरच आवडत नाही'. दुसऱ्याचा अर्थ 'मला ते तितकेसे आवडत नाही'. सर्वसाधारण नियम असा की नकाराच्या पुढे जे येते ते त्याच्या कचाट्यात सापडते, आणि जे आधी येऊन गेले ते सुटते. दुसऱ्या वाक्यात आवडीवर नकार नाही. आवडीच्या खरेपणावर आहे. मराठी अनुवादांत या दोन्ही वाक्यांना सरसकट 'खरोखर आवडत नाही' असे एकच रूप मिळालेले आम्ही पाहिले आहे. एखादे पात्र संकोचाने बोलत असेल तर अशा अनुवादात ते एकदम फटकळ होते, आणि मराठी वाचकाला लेखकाचा दोष वाटतो. वस्तुतः यासाठी मराठीत 'फारसा', 'तितकासा' असे नामी शब्द आहेत. 'फारसा' हा तर नकाराशिवाय जगतच नाही. 'मला फारसे आवडले' असे कोणी म्हणत नाही.

मराठीची मात्र एक अडचण येथे आहे. 'त्याने मुद्दाम उत्तर दिले नाही' आणि 'त्याने मुद्दाम काच फोडली नाही' ही दोन वाक्ये शेजारी ठेवून पाहावीत. रचना एकच आहे. पहिल्या वाक्यात गप्प राहणे मुद्दाम आहे. दुसऱ्यात काच फुटली आहेच. फोडण्यातील मुद्दामपणा तेवढा नाकारला आहे. अर्थ आपण प्रसंगावरून लावतो. इंग्रजीत ही संदिग्धता शब्दांच्या क्रमाने दूर होते. 'डेलिबरेटली डिड नॉट' म्हणजे मुद्दाम न करणे, आणि 'डिड नॉट डेलिबरेटली' म्हणजे करणे खरे, पण मुद्दाम नव्हे. म्हणून एखादा मुत्सद्दी 'वुई डिड नॉट डेलिबरेटली मिसलीड' असे सांगतो तेव्हा सावध वाचकाने ओळखावे की दिशाभूल झाल्याचे येथे कोठेही नाकारलेले नाही.

क्रियाविशेषणाला चिकटलेला नकार केवढे ओझे लपवू शकतो याचे उदाहरण गेल्या शतकातले आहे. १५ ऑगस्ट १९४५ रोजी जपानचे सम्राट हिरोहितो यांनी नभोवाणीवरून युद्धसमाप्तीची घोषणा केली. ६ तारखेला हिरोशिमा आणि ९ तारखेला नागासाकी बेचिराख झाले होते. तरीही त्या भाषणात शरणागती हा शब्द नव्हता. युद्धाची परिस्थिती जपानच्या हिताच्या दृष्टीने 'अपरिहार्यपणे' अनुकूल झालेली नाही, अशा आशयाचे वाक्य होते, आणि त्याच्या इंग्रजी रूपांतरातील 'नॉट नेसेसरिली' हे दोन शब्द जगभर प्रसिद्ध झाले. हा नकार 'अनुकूल' या शब्दावर नाही, 'नेसेसरिली'वर आहे. अनुकूलता तशीच राहू दिली आहे, तिची खात्री तेवढी काढून घेतली आहे. जे घडले त्याला प्रतिकूल हा शब्दही तोकडा पडला असता. दोन शहरांची राख या क्रियाविशेषणाखाली झाकली गेली.

नामापूर्वी येणाऱ्या अव्ययांशी, म्हणजे इंग्रजी व्याकरण ज्यांना प्रिपोझिशन म्हणते त्यांच्याशी, नकाराची जोडी जमते तेव्हा प्रकार आणखी नाजूक होतो. 'ॲट नो टाइम वॉज ही इन डेंजर' आणि 'इन नो टाइम ही वॉज इन डेंजर' यांत मुख्य फरक 'ॲट' आणि 'इन' एवढाच. पहिल्याचा अर्थ तो कधीही धोक्यात नव्हता. दुसऱ्याचा अर्थ तो क्षणार्धात धोक्यात सापडला. एका अव्ययाने माणूस वाचतो आणि दुसऱ्याने बुडतो. येथे इंग्रजी भाषा वाचकाला एक खूणही देते. पहिल्या वाक्यात 'वॉज' कर्त्याच्या आधी आला आहे, दुसऱ्यात तो आपल्या जागी आहे. आरंभीचा नकार जेव्हा संपूर्ण वाक्यावर सत्ता चालवितो तेव्हा क्रियापद असे पुढे सरकते. तो जेव्हा आपल्या छोट्या शब्दसमूहातच थांबतो तेव्हा क्रियापद हलत नाही. 'नेव्हर', 'सेल्डम', 'नॉट अनटिल' यांनी वाक्य सुरू झाले की कर्ता-क्रियापदाची अदलाबदल होते, हे आपण शाळेत पाठ केले होते. ती उलटापालट नकाराची सरहद्द दाखविते, हे मात्र आपल्याला क्वचितच कोणी सांगितले असेल.

'अनटिल'चीच गोष्ट घ्या. भारतीय इंग्रजीत 'अनटिल ही डज नॉट कम' किंवा 'अनलेस यू डू नॉट पे' अशी वाक्ये सर्रास आढळतात, आणि त्यांची टिंगलही होते. पण ही चूक अज्ञानाची नाही. ती दोन भाषांच्या विचारपद्धतींतून आलेली आहे. आपण 'तो येत नाही तोपर्यंत मी थांबेन' असे म्हणतो, कारण त्याच्या न येण्याचा संपूर्ण काळ आपल्या डोळ्यांपुढे असतो. इंग्रजीच्या 'अनटिल'ला त्या काळाचे शेवटचे टोक, म्हणजे त्याचे येणे, तेवढे हवे असते. 'अनलेस'च्या पोटात तर 'इफ नॉट' आधीच बसलेले आहे. त्यात आपण 'पैसे दिले नाहीत तर' मधला नकार पुन्हा घालतो आणि अर्थ उलटा होतो. घरगुती बोलण्यात यावर हसून भागते. ताबा, भाडे, हप्ते यांच्या करारनाम्यात मात्र असा एक वाढीव 'नॉट' महागात पडू शकतो.

तिसरी जात छुप्या नकारांची. 'हार्डली', 'स्केअर्सली', 'विदाऊट', 'एक्सेप्ट' यांच्या अंगावर 'नॉट'चा बिल्ला नाही, पण वृत्ती नकाराचीच आहे. यांतील सर्वांत फसवा शब्द 'टू' हा आहे. 'टू' काढून वाक्य पुन्हा लिहा, हा प्रश्न आपल्यापैकी अनेकांनी शाळेत सोडविला आहे. 'टू वीक टू वॉक' याचे 'सो वीक दॅट ही कॅनॉट वॉक' असे रूपांतर करताना 'टू'च्या पोटातला नकार बाहेर काढला जात असे. त्या कंटाळवाण्या अभ्यासाचे मोल पीटर वेसन आणि शुली राइश या मानसशास्त्रज्ञांच्या १९७९च्या लेखामुळे कळते. डोक्याची कोणतीही जखम 'टू ट्रिव्हिअल टू इग्नोर' नसते, अशा अर्थाचे एक इंग्रजी वाक्य त्यांनी तपासले. वाचणाऱ्यांना त्याचा अर्थ 'डोक्याच्या कोणत्याही जखमेकडे दुर्लक्ष करू नये' असाच वाटतो. आता शाळेतली रीत लावून पाहा. 'टू ट्रिव्हिअल टू इग्नोर' म्हणजे 'दुर्लक्ष करता येणार नाही इतकी क्षुल्लक'. ही जातच विसंगत आहे, आणि अशी जखम कोणतीही नसते असे म्हटल्यावर हाती उरते ते इतकेच, की कितीही क्षुल्लक जखम असली तरी तिच्याकडे दुर्लक्ष करता येते! सद्भाव आणि सामान्यज्ञान यांच्या जोरावर वाचक वाक्य उलटे वाचतो, आणि आपण ते उलटे वाचले याचा त्याला पत्ताही लागत नाही. मराठीत उतरविताना मात्र 'इतकी' आणि 'नाही' हे दोन्ही शब्द उघड लिहावे लागतात, आणि लबाडी तेथल्या तेथे पकडली जाते.

इतकी तयारी झाल्यावर आता ऑर्वेलच्या आरोपाकडे वळू. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : 'नॉट अन-' या साच्यातील रचना, उदाहरणार्थ 'नॉट अनकॉमन' किंवा 'नॉट अनजस्टिफायेबल', सामान्य विधानाला खोलीचा आव देतात, त्या हसून हद्दपार कराव्यात. त्यासाठी त्याने एक उपायही सुचविला आहे. कुत्रा, ससा आणि शेत यांना 'नॉट अन-' जोडून त्याने एक हास्यास्पद वाक्य रचले आणि ते पाठ करावे असा सल्ला दिला. त्याच निबंधात त्याने प्राध्यापक हॅरॉल्ड लास्की यांचा त्रेपन्न शब्दांचा एक उतारा घेऊन त्यात पाच नकार असल्याचे मोजून दाखविले. त्यांतला एक अनावश्यक असून त्याने सगळ्या उताऱ्याच्या अर्थाचा विचका केला आहे, असे त्याचे निदान आहे.

लास्कींच्या उताऱ्याविषयीचा निकाल आम्हांस पूर्णपणे मान्य आहे. पण तेथे नेमका दोष कोणता? 'नॉट अन-' जातीची रचना त्या उताऱ्यात एकच आहे. खरा घोटाळा आहे तो एकात एक बसविलेल्या उपवाक्यांचा. प्रत्येक उपवाक्यात एक नकार असल्यामुळे आतल्या नकाराचा हिशेब बाहेरचे दोन नकार वजा केल्याशिवाय लागत नाही, आणि लेखकाचाच हिशेब चुकला आहे. म्हणजे ऑर्वेलने चोर बरोबर पकडला, पण गुन्हा दुसऱ्याच कलमाखाली नोंदविला, असे आम्हांस वाटते.

त्याच्या विनोदी वाक्याविषयीही हेच म्हणावे लागेल. ते वाक्य हसविते, कारण त्यातील काळा, लहान आणि हिरवा या विशेषणांना इंग्रजीत 'अन-' लागतच नाही. जे रूप भाषेत नाही त्याचा नकार करून दाखविला तर हसू येणारच. त्यावरून 'नॉट अनकाइंड' हे रूपही निरर्थक आहे, हे सिद्ध होत नाही. दयाळू आणि निर्दय यांच्यामध्ये जागा आहे. सुखी आणि दुःखी यांच्यामध्ये तर बहुतेक माणसांचे आयुष्य जाते. येस्पर्सन यांनी ऑर्वेलच्या जवळजवळ तीस वर्षे आधी ही गोष्ट नोंदविली होती. दोन नकार मिळून होकार होतो खरा, पण तो मूळ होकाराइतका सणसणीत नसतो. आडवळणाने आल्यामुळे तो मंदावलेला असतो. आपल्याला हे सांगावयास परदेशी पंडिताची गरज नाही. सुनेने केलेली भाजी चाखून सासूबाई 'वाईट नाही' म्हणतात, तेव्हा त्याचा अर्थ 'चांगली आहे' असा होत नाही हे घरातल्या लहान मुलालाही कळते. ती एक स्वतंत्र पायरी आहे. 'नॉट अन-' हद्दपार केले तर ती पायरीच भाषेतून नाहीशी होईल.

याहून महत्त्वाचा एक आक्षेप आहे. दोन नकार एकत्र आले की तो शब्दबंबाळपणा, असा सोपा धडा ऑर्वेलच्या अनुयायांनी काढला आहे. त्यांनी भारतीय राज्यघटनेचे इंग्रजी रूप पाहावे. कलम १४ प्रत्येक जण कायद्यापुढे समान आहे असे सरळ होकारार्थी विधान करीत नाही. राज्यसंस्था कोणत्याही व्यक्तीला समानता 'नाकारणार नाही', अशी त्याची रचना आहे. 'नॉट' आणि 'डिनाय' हे दोन नकार येथे जाणूनबुजून योजले आहेत. होकारार्थी वाक्य हे केवळ एक सुभाषित झाले असते. दुहेरी नकाराने नाकारू शकणारा कोण आहे ते उघड केले आणि त्याचे हात बांधले.

कलम २१ची रचना तर आमच्या विषयाच्या गाभ्याशीच आहे. 'नो पर्सन' या शब्दांनी ते सुरू होते आणि जीवित व स्वातंत्र्य यांपासून कोणालाही वंचित करता येणार नाही असे बजावते. परंतु त्यात पुढे एक अव्यय आहे : 'एक्सेप्ट'. कायद्याने प्रस्थापित केलेल्या कार्यपद्धतीखेरीज. आरंभीच्या नकाराने भिंत उभी केली आणि या अव्ययाने तिच्यात दार ठेवले. ते दार किती रुंद, यावर स्वतंत्र भारताच्या न्यायालयीन इतिहासातला एक मोठा वाद झडला. १९५० साली ए. के. गोपालन यांच्या स्थानबद्धतेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताने असे मानले की विधिमंडळाने रीतसर केलेला कायदा असला आणि त्यातील पद्धत पाळली गेली की पुरे. १९७८ साली मनेका गांधी यांच्या पारपत्राच्या खटल्यात तेच न्यायालय या मतावर आले की ती कार्यपद्धती न्याय्य, उचित आणि वाजवी असली पाहिजे. मनमानी पद्धत ही पद्धतच नव्हे. या अठ्ठावीस वर्षांत कलमातला एकही शब्द बदलला नाही. दारातून काय काय आत येऊ द्यावयाचे एवढेच बदलले. मराठीत हे कलम मांडताना 'खेरीज' हा शब्द 'नाही'च्या आधी येतो, म्हणजे वाचकाला दार प्रथम भेटते आणि भिंत नंतर. इंग्रजी वाचणाऱ्याचा अनुभव याच्या उलट आहे. एकाच कायद्याच्या दोन भाषांतील वाचनात हा फरक पडतो, आणि दोन्ही भाषा जाणणाऱ्याने तो ओळखावा अशी अपेक्षा चुकीची नाही.

मग ऑर्वेलचे सगळेच टाकावे काय? आमचे उत्तर तसे नाही. त्याचा नियम आम्ही स्वीकारीत नाही, पण त्या नियमामागचा संशय स्वीकारतो. दुहेरी नकार दिसला की एक प्रश्न विचारावा : मधली जी जागा लेखकाने राखली, तेथे काय आहे हे त्याला सांगता येईल काय? सासूबाईंना ते सांगता येते : मीठ बेताचे आहे, पण फोडणी जळली आहे. घटनाकारांना सांगता येत होते. 'नॉट नेसेसरिली'च्या मागे उभ्या असलेल्या दरबाराला ते सांगावयाचेच नव्हते. रचना तिन्ही ठिकाणी नकाराच्याच आहेत; परंतु पहिल्या दोन अर्थासाठी आहेत आणि तिसरी आडोशासाठी.

ही कसोटी केवळ इंग्रजांना लावून थांबणे न्याय्य होणार नाही. आपल्या मराठी परीक्षणांत 'हा संग्रह दखलपात्र नाही असे म्हणता येणार नाही', 'लेखिकेचे यश नाकारता येत नाही', 'कादंबरी अगदीच निर्दोष आहे असे नव्हे' अशी वाक्ये किती येतात, हे कोणत्याही नियतकालिकाचे जुने अंक चाळल्यास दिसेल. छोट्या केंद्रांतून लिहिणाऱ्यांवर तर याचा मोह अधिक पडतो. लेखक आणि समीक्षक एकाच सभागृहात शेजारी बसणारे, सण-समारंभात भेटणारे. स्पष्ट नापसंती कळविणे जड जाते, आणि खोटी स्तुती करवत नाही. मग दोन नकारांची सोय पाहिली जाते. ऑर्वेलचा आसूड लंडनच्या प्राध्यापकांसाठी होता, पण त्याचा फटका आपल्या पाठीवरही बसावा, असे आम्हांस वाटते. संग्रहातील किती कविता चांगल्या आणि किती फसलेल्या, हे सांगणारे एक साधे वाक्य त्या तीन वाक्यांपेक्षा लेखकाच्या अधिक उपयोगी पडेल.

शेवटी एका शब्दाकडे वाचकांचे लक्ष वेधावयाचे आहे. 'ही डिड नॉट मॅरी हर फॉर मनी' याचे 'त्याने पैशासाठी तिच्याशी लग्न केले नाही' असे मराठी केले तर लग्न झाले की नाही हेच कळत नाही. इंग्रजी वाक्यही येथे पूर्ण निःसंदिग्ध नाही. पण मराठीपाशी यावर हुकमी उपाय आहे : 'त्याने तिच्याशी लग्न केले ते पैशासाठी नव्हे'. 'नाही' क्रियेचा किंवा अस्तित्वाचा निषेध करते. 'नव्हे' एखाद्या पदावर बोट ठेवून तेवढेच नाकारते. 'नॉट फॉर', 'नॉट विदाऊट', 'नॉट फ्रॉम' अशा इंग्रजी जोड्यांना आपल्याकडे नेमका पर्याय आहे तो हाच. इंग्रजीला जे काम शब्दांची जागा बदलून करावे लागते, त्यासाठी आपल्याला वेगळा शब्दच मिळालेला आहे.

तो शब्द आता मागे पडत आहे. आपल्या घरांतील तरुण मंडळींच्या बोलण्यात 'पैशासाठी नाही केलं', 'तो माझा भाऊ नाही' हीच रूपे ऐकू येतात. हिंदीत दोन्ही ठिकाणी 'नहीं' चालते, हे त्याचे एक कारण असावे. महाराष्ट्रातही 'नव्हे'ची पीछेहाट दिसते, तेव्हा सगळा दोष शेजाऱ्यांवर टाकता येणार नाही. बोलीने आपल्या गतीने बदलावे, त्याबद्दल आमची तक्रार नाही. परंतु जे अनुवाद करतात, जे मुलांना दोन भाषा शिकवितात आणि जे या पानांसाठी लिहितात, त्यांनी तरी 'नॉट' दिसताच 'नाही' लिहिण्यापूर्वी तो नकार क्रियापदाचा आहे, क्रियाविशेषणाचा आहे की अव्ययाचा आहे, हे पाहावे. तो अव्ययाचा असेल तर 'नव्हे' या शब्दाला पुन्हा कामावर बोलवावे. इंग्रजी काळजीपूर्वक वाचल्याने मराठीचा असा लाभ होत असेल, तर आपल्या दुभाषिक घराण्यांनी तो अवश्य पदरात पाडून घ्यावा, अशी आमची वाचकांना विनंती आहे.